जपा म्हटलं होतं मी

निवृत्त नर्स भेटली की लोक हमखास एकच विचारतात, "किती बाळंतपणं केलीत हो?" मी मोजली नाहीत. मोजली असती आणि तोंडातून आकडा सुटला असता, तर पोलादपूर तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी मला हक्काने लग्नाच्या पत्रिका धाडल्या असत्या आणि सगळा मे महिना मी पंगतीत बसून काढला असता. या अंकाच्या संपादकांनीही बाळंतपणांवरच लिहायला सुचवलं होतं. हो म्हटलं. पण लिहायला बसले तेव्हा डोळ्यांपुढे आली ती एक पोरगी, जिच्या बाळंतपणाशी माझा काही संबंध नव्हता. तिचं मी भलंही केलं आणि नुकसानही केलं. तेच सांगते.

सरकारी कागदावर मी आरोग्यसेविका. डोंगरात मला 'नर्सबाय' म्हणत आणि महाडच्या बाजारात 'सिस्टर'. नव्वदच्या दशकात माझं उपकेंद्र पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, एक वजनकाटा आणि मी. हाताखाली पाच गावं आणि त्यांच्या वाड्या. गावं रस्त्याला, वाड्या डोंगरात. लसीचा डबा खांद्याला अडकवायचा आणि आतला बर्फ वितळायच्या आत वर पोचायचं. माझी चाल अशी होती की बरोबरचे पुरुष म्हणायचे, "बाय, जरा दमानं." याचा मला फार गर्व होता. आता गुडघ्यांनी तो उतरवलाय.

जन्मतःच हृदयात दोष घेऊन आलेली मुलं माझ्या वाट्याला फार आली नाहीत, पण जी आली ती लक्षात राहिली. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हृदय म्हणजे दोन बाजूंचं घर. एका बाजूला अंगभर फिरून आलेलं काळपट रक्त, दुसऱ्या बाजूला फुप्फुसातून ताजं होऊन आलेलं लाल रक्त. मधे भिंत. काही मुलांच्या या भिंतीला जन्मापासून भोक राहतं. भोक लहान असेल तर पुष्कळदा ते वाढत्या वयात आपलं आपण बुजतं.

अशा एका पोराच्या बाबतीत डॉक्टर म्हणाले होते, "लहान आहे, बघत राहू." घरच्यांना 'बघत राहू' हे औषध काही पटलं नाही. त्यांनी भगताला बोलावलं. त्याने कोंबडा घेतला, अंगारा दिला. चार वर्षांनी भोक बुजलं. मी घरी गेले तर पोराचे आजोबा म्हणाले, "तुमच्या डाक्टरानं नुस्तं बगितलं. काम भगतानं केलं." डॉक्टरांनी खरंच नुसतं बघितलं होतं.

वनिताचं तसं नव्हतं. तिच्या भिंतीला मोठं भोक होतं आणि शिवाय फुप्फुसाकडे जाणारी वाट चिंचोळी होती. काळपट रक्ताला फुप्फुसाकडे धड जाता येईना, म्हणून ते भोकातून लाल रक्तात मिसळून अंगभर फिरत होतं. अशा मुलांचे ओठ, जीभ, नखं निळीजांभळी दिसतात. आंधळ्यालाही दिसावं इतकं ते स्पष्ट असतं. मला मात्र पहिल्यांदा दिसलं नाही.

शाळा सुरू झाल्या झाल्या आरोग्य तपासणी असायची. डॉक्टर आत खुर्चीत, मी दारात. मी जीभ, दात, नखं, डोळे बघायचे. शंका आली तर ते पोर डॉक्टरांकडे, नाहीतर परत वर्गात. म्हणजे डॉक्टरांपर्यंत कुणी पोचायचं हे माझ्या नजरेवर होतं. त्या शाळेमागे जांभळाचं भलंमोठं झाड होतं आणि हंगामातली शेवटची, मऊ झालेली जांभळं टपटप पडत होती. चाळीस पोरांच्या चाळीस जिभा जांभळ्या, बोटं जांभळी, शर्टांवर डाग. मी कावले होते. दुसरीतली एक बारकी पोरगी पुढे आली आणि तिने जीभ काढली. सगळ्यांहून गडद.

"अगं, झाड तरी उभं ठेवलंस का?" मी म्हटलं.

सगळी पोरं हसली. तीही हसली. मी कार्डावर 'निरोगी' असं लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

त्यानंतर भातकापणीच्या दिवसांत मी तिच्या वाडीवर निघाले होते. रस्त्यापासून वाडीपर्यंत पाऊण तासाचा चढ. अर्ध्या वाटेवर आंब्याखाली एक बसका दगड आहे. शाळा सुटून पोरं वर चालली होती. त्यातली एक त्या दगडापाशी थांबली आणि जमिनीवर उकिडवी बसली, गुडघे पोटाशी घट्ट आवळून. बाकीची पुढे गेली. एका पोराने मला जाता जाता माहिती दिली, "ती बसकी हाय, बाय. रोज हितं बसते. मास्तर उठाबशा काढायला लावतात तरी सुदरत नाय."

मी जवळ गेले. पोरगी धापा टाकत होती. ओठ जांभळे.

"काय गं, जांभळं खाल्लीस?" मी विचारलं. सवयीने विचारलं.

तिने माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं बघितलं. "आता कुठली जांभळं, बाय? आता भात कापतात."

माझ्या खांद्यावरचा डबा खाली ठेवला गेला. तिचा हात हातात घेतला. नखं जांभळी, बोटांची टोकं फुगीर. अलिबागच्या प्रशिक्षणात एका डॉक्टरांनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं, की जे मूल चालता चालता उकिडवं बसतं त्याचं हृदय तपासा. पाय असे दुमडले की रक्ताला फुप्फुसाची वाट जरा अधिक मिळते आणि जीव सावरतो. हे त्या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं तिनेच शोधून काढलं होतं, आणि सगळी शाळा त्याला आळस म्हणत होती. मीही तिला निरोगी ठरवून मोकळी झाले होते.

मी तिच्याबरोबर घरी गेले. तिची आई, सखुबाई, खळ्यात होती. वडील मुंबईत एका कँटीनमध्ये कामाला. सखुबाई म्हणाली, "जन्मापासनं अशीच हाय, बाय. लोक बोलायचे, किस्नाची हाय म्हणून निळी. दिस्ट लागंल म्हणून मी कुणाला काय बोलली नाय."

पुढचं सगळं लवकर झालं असं लिहायला आवडलं असतं. महाडला तपासणी, तिथून मुंबई, मुंबईत नंबर. नंबर लागेपर्यंत वर्ष गेलं. त्या वर्षात पोरीला खाली-वर नेण्याचं काम इब्राहिमभाईंनी केलं. इब्राहिमभाई महाडचे, आखातात बरीच वर्षं काढून आलेले. परत आल्यावर त्यांनी जीप घेतली होती आणि ती पोलादपूर नाक्यावरून चालवत. पेशंट असला की त्यांची जीप आपोआप हळू चालायची आणि पेशंट नसला की माझा जीव मुठीत असायचा.

मोठं ऑपरेशन झालं. भोक बंद केलं, वाट रुंद केली. महिन्याभराने मायलेकी वीर स्टेशनवर उतरल्या तेव्हा मी आणि इब्राहिमभाई तिथे उभे होतो. मी वनिताला फलाटावरच म्हटलं, "जीभ काढ." गुलाबी. कुठल्याही पोराची असते तशी. इब्राहिमभाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि मग हमालावर उगाच ओरडले.

जीपमध्ये सखुबाईने दवाखान्याचा कागद माझ्या हातात दिला. इंग्रजीत होता. मी वाचला. तीन महिने जड उचलायचं नाही, छातीला धक्का लागू द्यायचा नाही, तीन महिन्यांनंतर शाळा, खेळ, सगळं इतर मुलांसारखं, आणि वर्षातून एकदा तपासणीला यायचं. सखुबाईने विचारलं, "काय लिवलंय, बाय?"

दुसऱ्या दिवशी माझं लसीकरण होतं. डोक्यात बर्फाची व्यवस्था होती. उपकेंद्राचा फाटा आला होता. मी कागद घडी करून तिला परत दिला आणि उतरता उतरता म्हणाले, "चांगलं लिहिलंय. जपा हिला."

एवढंच. पुढच्याच महिन्यात माझी बदली पाचाडकडच्या उपकेंद्रात झाली. नवी गावं, नवी नोंदवही. जुन्या नोंदवहीत वनिताच्या नावापुढे मी 'शस्त्रक्रिया यशस्वी' लिहून आले होते, आणि खरं सांगायचं तर मधून मधून ते आठवून स्वतःवर खूशही व्हायचे.

तीन वर्षांनी महाडच्या बाजारात इब्राहिमभाई भेटले. मी विचारलं, "आपली वनिता काय म्हणते? पाचवी-सहावीत असेल आता."

ते म्हणाले, "सिस्टर, ती कुठली शाळेत? ती घरातच असते. वर्षातून एकदा मुंबईला नेतात, तेव्हा मामा पाठुंगळी घेऊन खाली आणतो, माझ्या जीपमध्ये बसवतो. पाय म्हणून जमिनीला लागू देत नाहीत."

पुढच्या रविवारी मी वर गेले. वनिता ओटीवर गोधडीवर बसली होती. अकरा वर्षांची, फिकट, जरा सुजरी, पाय काडीसारखे. ओठ मात्र सगळ्या वाडीत नसतील इतके गुलाबी. समोर अंगणात तिच्याएवढ्या पोरी लगोरी खेळत होत्या आणि ती कुणाचा डाव कितीवर आला ते बसल्या जागेवरून सांगत होती.

सखुबाई धावत आली. मला बघून तिला खरोखर आनंद झाला. "बगा बाय, कशी ठेवलीया. तुमी बोललात ना, जपा म्हणून? जपली. पान्याला नाय धाडली, शाळंत नाय धाडली. पावसात दाराभाईर नाय काढली. गौरीत पोरी नाचायला बोलवायच्या, मी हाकलून दिल्या. एक दिवस हिला दम लागू दिला नाय."

तिने मला चहा दिला. पूर्वी ती पोर धापा टाकत का होईना रोज शाळेत जात होती, चढ चढत होती, मैत्रिणींत होती. आता तिला दम लागत नव्हता आणि तिचं सगळंच बंद झालं होतं. मुंबईला दरवर्षी विचारत, ताप येतो? दम लागतो? पाय सुजतात? तिन्हींची उत्तरं 'नाय'. मग सगळं उत्तम. पोर खेळते का, हे त्यांच्या कागदात नव्हतं तसंच माझ्या नोंदवहीतही नव्हतं.

मी कागद मागितला. सखुबाईने तो देव्हाऱ्यातून काढून आणला. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, वर हळदीकुंकवाची बोटं. मी तो ओटीवर बसून मराठीत मोठ्याने वाचून दाखवला, एकेक ओळ. हे मला जीपमध्ये पाच मिनिटांत करता आलं असतं.

सखुबाई म्हणाली, "म्हंजे तीनच म्हयने व्हतं?"

"हो."

ती भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तिने कागद घडी करून पुन्हा पिशवीत घातला. तेवढ्यात मागून वनिताने विचारलं, "बाय, मंग मी बरी झाले?"

"कधीच बरी झालीस गं."

"मला कोनी सांगितलंच नाय," ती म्हणाली. ती रागावली नव्हती. वर्गात सुट्टी जाहीर झाल्याचं उशिरा कळावं तशी म्हणाली.

मी आधी तिला मुंबईच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवून आणलं, मुद्दाम विचारून घेतलं. चालू दे, पळू दे, दमली तर तिची ती थांबेल, असं ते म्हणाले. सखुबाईने ऐकलं, मान डोलवली, आणि घरी येऊन पोरीला पुन्हा गोधडीवर बसवलं. तीन वर्षांची भीती एका वाक्याने जाते होय? ती घालायला मात्र माझा एक शब्द पुरला होता.

मग मी रविवार धरले. पाचाडहून दोन गाड्या बदलून वाडीवर यायचं. पहिल्या रविवारी वनिताला विहिरीपर्यंत चालवली. तिचे पाय थरथरले. हृदय धड होतं, पायांनाच काम माहीत नव्हतं. दुसऱ्या रविवारी गोठ्यांपर्यंत, मग खिंडीपर्यंत. सखुबाई प्रत्येक वेळी दहा पावलं मागे, पदर तोंडात धरून. पावसाळा संपल्यावर एका रविवारी आम्ही तिघी पार रस्त्यापर्यंत उतरलो आणि परत चढायला लागलो.

अर्ध्या वाटेवर आंब्याखालच्या दगडाशी वनिता आली आणि झटकन उकिडवी बसली.

सखुबाई किंचाळलीच. मी वाकून तिचे ओठ पाहिले, नाडी धरली. ओठ गुलाबी. श्वास माझ्यापेक्षा बरा.

"दम लागला?"

"नाय."

"मग बसलीस का?"

"हितं बसायचं असतं ना," वनिता म्हणाली.

मी सखुबाईकडे बघितलं. ती लेकीकडे बघत होती. मग तिने तोंडातला पदर काढला आणि म्हणाली, "ऊठ गो. आता नाय बसायचं हितं." वनिता उठली आणि चालायला लागली, आणि सखुबाई तिथेच दगडावर बसून हमसून हमसून रडली. मीही रडले. वर पोचेपर्यंत पोरगी आमच्या खूप पुढे गेली होती.

शाळेत ती अकराव्या वर्षी तिसरीत बसली, आठ वर्षांच्या पोरांत. त्यांनी तिला 'आज्जी' म्हणून चिडवलं. कशीबशी सातवी झाली आणि मग तिने सोडलं. ती हुशार होती. ती तीन वर्षं मिळाली असती तर ती पुढे शिकली असती असं मला वाटतं, आणि ती तीन वर्षं तिच्या हृदयाने नेली नाहीत, मी नेली. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी कुणालाही 'जपा' किंवा 'काळजी घ्या' म्हटलं नाही. काय करायचं, काय नाही आणि किती दिवस, एवढं सांगायचं, आणि समोरच्याकडून ते परत वदवून घ्यायचं. लोकांना वाटायचं नर्सबाय चक्रम झाली. वाटू दे.

वनिता पुढे अंगणवाडीत मदतनीस लागली. तिच्या विशीत पाचाडकडचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, मुंबईला नोकरीला. सखुबाई म्हणाली, छातीवरची खूण कपड्यात झाकलेली असते, कशाला बोलायचं? वनिताने ऐकलं नाही. तिने मध्यस्थाकडून सगळं कळवलं: ऑपरेशन झालंय, वर्षाला तपासणी असते, दिवस गेले तर मोठ्या दवाखान्यात आधीपासून नाव घालावं लागेल. निरोप गेला आणि बरेच दिवस उत्तर आलं नाही. सखुबाईने जेवण टाकलं. मग कळलं, मुलाची आई स्वतः बघायला येणार. आणि मला सांगावा आला, की बाय, तुमी पायजेच.

मी तेव्हा निवृत्तीला टेकले होते आणि गुडघे गेले होते. इब्राहिमभाईंच्या जीपमध्ये महाडहून बसले. पोलादपूरला मुलाची आई आणि तिची जाऊ चढल्या. जुजबी ओळख झाली. मी 'तुमच्या भागात नोकरीला होते' एवढंच म्हटलं. खाली उतरलो तर वनिता मला हात द्यायला म्हणून आलेली. साधी साडी, डोक्याला फडकं. पाहुण्या एवढ्या लवकर येतील हे तिला ठाऊक नव्हतं. मुलाची आई अंगाने भरलेली, हातात नारळांची जड पिशवी. वनिता पुढे झाली, "द्या मावशी," म्हणाली, पिशवी डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'गप्प बसा' असं खुणावलं. इब्राहिमभाईंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हसू लपवत होते.

चढ सुरू झाला. वनिता पुढे, मागे आम्ही तिघी. आंब्याखाली आल्यावर मुलाची आई दगडावर मटकन बसली. तिच्याशेजारी मी, जाऊ आंब्याला टेकून. दोघींच्या छात्या भात्यासारख्या चाललेल्या. वनिता थोडी वर, पिशवी डोक्यावर तशीच घेऊन, आमची वाट बघत उभी.

श्वास जागेवर आल्यावर मुलाची आई माझ्या कानाशी वाकली. "तुमी ओळखीच्या हाव म्हणून इचारते, खरं सांगा. ती छातीची आजारी पोरगी म्हंत्यात, ती कशी हाय? उठती-बसती काय, का आंथरुनाला हाय?"

"तुमचे नारळ तिच्याच डोक्यावर आहेत," मी म्हटलं.

तिने वर बघितलं. वनिताने मान खाली घातली, पण पिशवी हलली नाही. मग मुलाची आई गुडघ्यांवर हात टेकून लगबगीने उठली आणि हात पुढे करून ओरडली, "अगो बाय, आन ती पिशवी हिकडं! जड हाय ती!"

मी तिचा पदर धरला आणि तिला परत खाली बसवली.

"राहू द्या," मी म्हटलं. "तिच्याकडेच राहू द्या."